कमरेला ट्रॅक्शन लावताना: वजन किती, पट्टा कुठे आणि उठायचं कसं

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात पार्किंगमध्ये स्कूटर मेन स्टँडवर चढवत होते आणि कमरेत कट्ट झालं. मी हँडल धरून तशीच उभी, म्हणजे वाकलेलीच. वॉचमनकाकांना वाटलं मी काहीतरी पडलेलं शोधतेय. पहिले दोन दिवस उसण भरली असेल म्हणून शेक, बाम, सासूबाईंचं 'फळीवर झोप गं' सगळं करून झालं, आणि तिसऱ्या दिवशी कळ डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागनं पोटरीत उतरली आणि पायाच्या करंगळीला मुंग्या यायला लागल्या. मग डॉक्टर, मग एमआरआय, मग रिपोर्टमध्ये एल५-एस१ला, म्हणजे कमरेच्या अगदी शेवटच्या सांध्यात, डिस्क (दोन मणक्यांमधली गादी) बाहेर आलीय वगैरे, आणि शेवटी चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली एक ओळ: फिजिओथेरपी, लंबर ट्रॅक्शन, म्हणजे पट्टे बांधून मशीनने कंबर ओढणं. ते कसं घ्यायचं, काय घालून जायचं, कधी थांबायचं हे कुणी सांगत नाही, सगळं तिथे जाऊन कळतं आणि तोपर्यंत दोनतीन सिटिंग वाया गेलेले असतात. म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, पुण्यात धायरीत राहून शिवाजीनगरला अकाउंट्सची नोकरी करणारी बाई आहे, पण या विषयात माझी कंबर खर्ची पडलीय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकते कारण तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ट्रॅक्शनने सरकलेली गादी 'परत आत ओढली जाते' असं जे सांगतात ते तसं नाहीये. मणके एकमेकांपासून काही मिलिमीटर दूर होतात, नसेवरचा दाब तेवढ्यापुरता हलका होतो, आणि तुम्ही उठून उभे राहिलात की शरीराचं वजन परत त्यावर येतंच. बाहेर आलेला भाग खरा कमी होतो तो शरीर स्वतः हळूहळू शोषून घेतं म्हणून, आणि गंमत म्हणजे रिपोर्टमध्ये जो मोठा आणि भीतीदायक दिसतो, पार बाहेर सुटलेला, तोच जास्त वेळा शोषला जातो. त्याला आठवडे, महिने लागतात. अभ्यास बघितले तर चित्र अजून कोरडं आहे. २०१३च्या कॉक्रेन (जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यात ३२ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या, निष्कर्ष असा की कंबरदुखीत ट्रॅक्शनने दुखण्यात किंवा कामावर परत जाण्यात फारसा फरक पडत नाही. ब्रिटनमध्ये कुठले उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या नाइस संस्थेने २०१६ साली कंबरदुखी आणि सायटिका (कमरेतून पायात उतरणारी कळ) दोन्हीसाठी ट्रॅक्शन देऊ नका असंच लिहिलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीच्या मार्गदर्शिकेत ते नको असलेल्या उपचारांत टाकलं.

मग घ्यायचंच कशाला? हा प्रश्न मी फिजिओ मॅडमना विचारला. त्या तिशीच्याही नसतील आणि मला पहिल्या दिवसापासून काकू म्हणतात, ते एक दुखणं वेगळंच. त्यांचं उत्तर मला पटलं: "काकू, मशीनने तुमची डिस्क बरी होणार नाहीये. पण त्यानंतर तासभर जर पाय कमी दुखला तर त्या तासात तुम्ही चालाल. बरं तुम्हाला चालणं करणार आहे." म्हणजे ट्रॅक्शन ही चालण्यासाठी मिळालेली सवड. ज्याला ती सवड मिळते त्याने घ्यावं, ज्याला मिळत नाही त्याने पैसे वाचवावेत. एवढंच डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

जायच्या आधी कोणी अजिबात लावून घेऊ नये ते बघा. गरोदर बाई, हाडं ठिसूळ झालेले म्हणजे ऑस्टिओपोरोसिसवाले (आपल्याकडच्या बऱ्याच आज्या यात येतात आणि त्यांनी कधी तपासलेलं नसतं), मणक्याचं फ्रॅक्चर, गाठ किंवा कॅन्सर झालेले, मणका पुढे सरकून सैल झालाय असं सांगितलेले, नुकतं पाठीचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालेले, हर्निया असलेले, बीपी आटोक्यात नसलेले, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली आहे असं सोनोग्राफीत आलेले, दम्याचा जोरात त्रास असलेले, कारण छातीचा पट्टा श्वास दाबतो. आणि आपल्या देशात एक गोष्ट विसरून चालत नाही, मणक्याचा टीबी. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, रात्री झोपल्यावर कंबर जास्त दुखते असं असेल तर आधी त्याचा निकाल लावा, ट्रॅक्शन राहू दे बाजूला.

आणि हे तर पाठच करून ठेवा: लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, शी धरवत नाही, बसायच्या जागेला, म्हणजे सायकलची सीट जिथे लागते तिथे, बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद जायला लागली, तर हे फिजिओचं काम नाही, उद्या सकाळी बघू असंही नाही. त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठायची, ससून असो नाहीतर तुमच्या जवळचं कुठलंही मोठं हॉस्पिटल. खालच्या सगळ्या नसांचा जुडगा दाबला गेलेला असतो आणि तिथे तास मोजले जातात. पाऊल उचललं जात नाही, चप्पल पायातून निसटतेय असं असेल तरी सर्जनला लगेच दाखवा. घरी बघायची सोपी पद्धत: भिंतीला हात लावून टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा. माझं चवड्यावर डावं पाऊल जरा लेचंपेचं होतं पण दर आठवड्याला सुधारत गेलं, म्हणून थांबलो. बिघडत गेलं असतं तर थांबलो नसतो.

सेंटर कुठलं निवडायचं? इथे माझं मत ठाम आहे, घराच्या सगळ्यात जवळचं. माझ्या नणंदेने औंधच्या कोणाचं तरी फार नाव ऐकलं होतं, धायरीहून औंध म्हणजे सिंहगड रोडचं ट्रॅफिक धरून जाताना तासभर बसायचं, येताना तासभर, मधे दहा मिनिटं ट्रॅक्शन. पुढे वाकून बसलं की डिस्कवरचा दाब उभं राहण्यापेक्षा जास्त असतो. दोन तास दाबून दहा मिनिटं ओढायचं, हा कुठला हिशोब. चालत जाता येईल असं बघा, नाहीतर दहा मिनिटांची रिक्षा. जाताना एक वेळ कोणीतरी स्कूटरवर सोडेल, येताना मात्र स्कूटर नकोच. आपल्या सोसायट्यांसमोर जे हौशी स्पीडब्रेकर घातलेत त्यातला एक पुरे आहे. रिक्षावाल्याला आधीच सांगायचं दादा हळू घ्या, कंबर गेलीय. हे सांगितल्यावर ते नाही म्हणत नाहीत आणि मीटरनेही येतात, हा स्वानुभव आहे.

कपडे: ट्रॅकपँट किंवा लेगिंग आणि साधा सुती टीशर्ट. पहिल्या दिवशी मी ऑफिसमधून तशीच सिंथेटिक कुर्ता आणि नाड्याची सलवार घालून गेले, मशीनने ओढलं की पट्टा कापडावरून सरकायचा आणि नाड्याची गाठ हाडात रुतायची, सगळा वेळ ते सारखं करण्यात गेला. साडीत तर होतच नाही. पोट भरून जाऊ नका, जेवून दीड-दोन तास झालेले असू द्या, कारण दोन पट्टे पोटाच्या वर-खाली आवळतात. चहा पिऊन गेलात तर आधी बाथरूमला जाऊन या. मोबाइल पर्समध्ये टाका, झोपून मान वर करून मेसेज बघत बसलं की सगळं अंग ताठ होतं.

आता टेबलावर. दोन पट्टे असतात. एक छातीचा, तो खालच्या बरगड्यांवर बसायला हवा, बायकांनी स्पष्ट सांगावं की वर सरकवू नका, लाजण्यासारखं काही नाही. दुसरा कमरेचा, त्याची वरची कड कमरेच्या हाडाच्या किंचित वर आली पाहिजे म्हणजे ओढताना तो हाडाला अडकून खालीच ओढतो. तो खाली मांड्यांवर गेला असेल तर फक्त कातडी ओढली जाते. पायाखाली स्टूल देतात, गुडघे आणि खुबे साधारण काटकोनात, म्हणजे कंबर सपाट होते. काही जणांना पोटावर झोपूनही देतात, ज्यांना मागे वाकल्यावर बरं वाटतं त्यांना. तुम्हाला कसं बरं वाटतं ते तुम्हीच सांगायचं, टेबलावर चढायच्या आधी. चांगलं टेबल मधून दोन भागांत सरकणारं असतं. हे का महत्त्वाचं ते सांगते: न सरकणाऱ्या टेबलावर अंगाचं टेबलाशी जे घर्षण होतं ते मोडण्यातच शरीराच्या वजनाच्या जवळजवळ पाव भागाएवढा जोर जातो, मणक्यापर्यंत काही पोचतच नाही. पूर्वी पलंगाला विटा बांधून पाच-सात किलो लटकवून माणसाला आठवडे झोपवून ठेवायचे, आमच्या आजोबांना ठेवलं होतं. त्याने मणका ओढला जात नव्हता, माणूस फक्त पलंगाला बांधलेला राहायचा. आणि नुसतं झोपून राहण्याने कंबर सुधारत नाही हे आता सगळे मान्य करतात.

वजन. हा आकडा विचाराच, आणि लिहून ठेवा. कमरेसाठी साधारण शरीराच्या वजनाच्या पाव भागापासून निम्म्यापर्यंत देतात. माझं वजन ६४, खरं सांगतेय, म्हणजे १६ किलोपासून ३२ पर्यंत. पहिल्या दिवशी १५ वर ठेवलं आणि आठ मिनिटंच, दुसऱ्या दिवशी काही त्रास झाला नाही हे बघून वाढवत २४ पर्यंत गेलो, त्यापुढे मीच नको म्हटलं. पहिल्याच दिवशी कोणी थेट निम्म्यावर नेत असेल तर उठून या. सलग ओढून धरणं किंवा ओढ-सोड, म्हणजे ३० सेकंद ओढ आणि १० सेकंद सैल, दोन्ही पद्धती चालतात, मला ओढ-सोड सोसली. हातात एक बटण देतात, दाबलं की मशीन सुटतं. ते हातात दिल्याशिवाय सुरू करू द्यायचं नाही. आणि मशीन लावून फिजिओ दुसऱ्या पेशंटकडे गेली तर ठीक, पण हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर हवी.

ओढ कशी वाटायला हवी? ताणल्यासारखी, बरी वाटणारी. दात आवळून सोसायची नाही. मला ती दहा मिनिटं म्हणजे खरंच स्वर्ग, पोटरीतली कळ जणू कोणी स्विच बंद केल्यासारखी जायची. श्वास पोटाने सावकाश घ्या, अंग सैल सोडा. पायातली कळ वाढली, खाली उतरली, मुंग्या नवीन जागी आल्या, चक्कर आली, की बटण.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या संपल्यावर. मशीन एकदम शून्यावर आणू नये, हळूहळू सोडावं, नाहीतर सुटताना अशी कळ येते की डोळ्यात पाणी. पट्टे काढल्यावर लगेच उठून बसायचं नाही, पुढचा पेशंट दारात उभा असला तरी. पाच-दहा मिनिटं तसंच पडून राहायचं. मग दोन्ही गुडघे वाकवून एका कुशीवर वळायचं, खांदा आणि कंबर एकाच वेळी, लाकडाचा ओंडका वळतो तसं, पाय टेबलाखाली सोडायचे आणि हातांनी ढकलत बसतं व्हायचं. सरळ पाठीवरून उठलात की दहा मिनिटांची कमाई दहा सेकंदात गेली. बसायचं नाही, उभं राहायचं आणि तिथेच कॉरिडॉरमध्ये चकरा मारायच्या. मी घरी आल्यावर पार्किंगमध्ये सपाटीवर दहा मिनिटं चालायचे, सकाळ-दुपार-संध्याकाळ असं तीनदा. टेकडीवर फिरायला जाणं त्या काळात बंद, चढण एक वेळ चालते पण उतरणीला धक्के बसतात.

आता उपयोग होतोय का नाही ते कसं ओळखायचं. इथे बहुतेक जण फसतात कारण ते फक्त 'किती दुखतंय' बघतात. बघायचं असतं 'कुठपर्यंत दुखतंय'. कळ करंगळीपासून पोटरीपर्यंत, पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात अशी वर वर सरकत असेल तर ते चांगलं, जरी त्यात कंबर दोन दिवस जास्त दुखली तरी. उलट कंबर एकदम बरी वाटतेय पण पाऊल बधिर व्हायला लागलंय तर ते वाईट, डॉक्टरांना कळवा. न्यूझीलंडचे फिजिओ रॉबिन मॅकेंझी यांच्या पद्धतीत सगळा भर यावरच आहे. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, रोज एक अक्षर लिहायचे: क म्हणजे करंगळी, पो पोटरी, मां मांडी, कु कुल्ला. नवरा विचारायचा हे काय कोडं आहे. पहिल्या सिटिंगला क होतं, पाचव्याला मां. सहा सिटिंगमध्ये अक्षर एक घरही वर सरकलं नाही तर बंद करा आणि फिजिओला स्पष्ट विचारा की मशीन सोडून व्यायामच घेऊया का. माझ्यासोबत एक पेन्शनर काका यायचे, त्यांची २० सिटिंग झाली होती आणि अक्षर तेच, तरी येत होते कारण पॅकेजचे पैसे भरले होते.

हो, पॅकेज. त्याबद्दल जरा रागानेच लिहितेय. मी आधी एका ठिकाणी चौकशीला गेले होते, नाव घेत नाही, एसी, कॉफी मशीन, मणक्याचं प्लास्टिकचं मॉडेल, आणि 'नॉन-सर्जिकल डिकम्प्रेशन', ऑपरेशन टाळायची गॅरंटी, आजच भरलं तर सूट. ते कॉम्प्युटरवर चालणारं ट्रॅक्शनच आहे हो, नाव बदललं की दुखणं वेगळं होत नाही. आणि ऑपरेशन टळणं हे तसंही बहुतेकांच्या नशिबात असतंच, बऱ्याच जणांचा सायटिका सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरतो, मग श्रेय मशीनला. २००७मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात एका गटाचं लवकर ऑपरेशन केलं आणि दुसऱ्या गटाला थांबायला सांगितलं. ऑपरेशनवाल्यांचा पाय दुखायचा लवकर थांबला हे खरं, पण वर्षाच्या शेवटी दोन्हीकडे ९५ टक्के लोक बरे होते. अर्थात थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी मधे ऑपरेशन करून घेतलंच, सहन होईना म्हणून, त्यात काही कमीपणा नाही. सिटिंगचे पैसे एकेकाचे भरा, फार तर पाचाचे.

एमआरआयचा रिपोर्ट नातेवाइकांना वाचून दाखवू नका, ते जास्त घाबरवतात. काहीच दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले तर विशीतल्या ३० टक्के लोकांची डिस्क फुगलेली दिसते आणि ऐंशीतल्या ८४ टक्के. डॉक्टर रिपोर्ट आणि पाय दोन्ही बघून ठरवतात, आपण नुसत्या कागदावरून ठरवायचं नाही.

घरगुती उपायांत दाराच्या चौकटीला लटकणं, उलटं टांगून घेण्याची टेबलं, हे नको. उलटं टांगल्यावर बीपी आणि डोळ्यातला दाब दोन्ही वाढतात, काचबिंदूवाल्यांनी तर जवळही जाऊ नये. आणि 'मणका बसवून देतो' म्हणून पाठीवर गुडघा ठेवणाऱ्यांकडे कृपा करून जाऊ नका. पुण्यात राहून कोणीतरी सांगणारच की मॉडेल कॉलनीत अय्यंगारांच्या योग संस्थेत दोरांवर करतात तसं कर. दोरांचा तो उपयोग मला आवडतो, खुब्यात दोर अडकवून अधोमुख श्वानासन केलं की कंबर छान मोकळी होते, पण ते शिकवणाऱ्याच्या समोर आणि कळ पायातून निघून गेल्यावर. ऐन दुखण्यात घरच्या खिडकीच्या ग्रिलला साडी बांधून नाही. हो, असं करणाऱ्या बाई मला माहिती आहेत.

बाकी दिवसाचे तेवीस तास मशीन नसतं, तिथे खरं काम आहे. सकाळी उठल्यावर पहिला तास वाकायचं नाही, रात्रभर डिस्क पाणी शोषून फुगलेली असते, बेसिनवर दात घासतानासुद्धा एक हात टेकवा आणि गुडघे किंचित वाकवा. शिंक आली की बसलेले असाल तर उभे राहा, भिंत धरा, पोट पुढे. कमोड वापरा, जोर करू नका, इसबगोल घ्या. जमिनीवर जेवायला बसणं महिनाभर बंद, सत्यनारायण असला तरी खुर्ची. फळीवर झोपायची गरज नाही हे मी सासूबाईंना २००३च्या स्पेनमधल्या अभ्यासाचा दाखला देऊन सांगितलं, ३१३ लोकांवर केलेला, त्यात अगदी टणक गादीपेक्षा मध्यम टणक गादीवाल्यांचं कमी दुखलं. त्या म्हणाल्या स्पेनमध्ये फळ्या नसतील. नसेच्या दुखण्याच्या गोळ्यांनी गुंगी येते, त्या घेऊन गाडी चालवू नका.

माझी एकूण नऊ सिटिंग झाली. दहाव्याला मॅडमनीच "काकू आता मशीन नको, व्यायाम करू" म्हणून पोटावर झोपून कोपरांवर उठणं आणि चारी पायांवर राहून एक हात-एक पाय लांब करणं सुरू केलं, ते अजून रोज चालू आहे. अडीच महिन्यांनी परत स्कूटर काढली. मेन स्टँडवर मात्र मी ती त्यानंतर एकदाही चढवलेली नाही, साइड स्टँडवरच लावायचे, आणि पार्किंगमध्ये पाटी आहे, 'गाड्या मेन स्टँडवरच लावाव्यात, जागा तुमच्या वडिलोपार्जित मालकीची नाही'. सेक्रेटरी दोनदा बोलून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी एमआरआयची फिल्म खाली आणून उन्हात धरून दाखवली, आता माझी गाडी वॉचमनकाका चढवतात.